घटाला पाणी

मृत्यूची सावली अंगावरून गेली की माणसाला आयुष्याचा अर्थ कळतो, असं जाणत्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. असली वाक्यं तरुणपणी मी वहीत उतरवून घेत असे. प्रत्यक्ष सावली पडली तेव्हा मला एवढंच कळलं, की आमच्या स्वयंपाकघरात एकोणीस डबे आहेत आणि त्यांतल्या पाचांच्या झाकणांची अदलाबदल झालेली आहे. ती मी ज्याची त्याला नीट बसवली. अर्थाचं अजून काही कळलेलं नाही.

हे आठवायचं कारण, नवरात्र पुन्हा आलं आहे. आमच्या तेलंगणातल्या तलमडुगुच्या बाजूला या दिवसांत सोयाबीन निघालेलं असतं, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पहिली बोंडं उकलायला लागलेली असतात, आणि पाऊस मात्र जायचं नाव घेत नसतो. दारात निरोप घेऊनही तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं, तसे लोक आभाळाकडे पाहतात. उकललेलं बोंड भिजलं की काळं पडतं. रस्त्याच्या कडेला तरवड पिवळाधमक झालेला, कुर्डूचे तुरे वर आलेले, आणि सगळ्यावर ओल्या पऱ्हाटीचा एक जड, हिरवा वास. इतरांना या वासाबरोबर सण आठवतो. मला स्पिरिटचा बोळा आठवतो, आणि डाव्या काखेजवळ टोचलेली सुई.

ज्या वर्षी आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. भाद्रपदात एकदा अंघोळीच्या वेळी साबणाचा हात छातीच्या डाव्या बाजूला अडखळला. तुरीच्या दाण्याहून मोठं, चिंचोक्याहून लहान असं काहीतरी. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच मला भीती वाटली, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि अर्धवट माहितीचा साठा माझ्याकडे भरपूर आहे. चार दिवस मी कोणाजवळ बोलले नाही. पाचव्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. त्यांचं गावात बी-खताचं दुकान आहे. ते गिऱ्हाइकाशी तासभर बोलू शकतात, माझ्याशी मात्र त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "उद्या जाऊ आदिलाबादले." दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चुलीपुढून मान वर न करता विचारलं, "कोन्या बाजूले हाय वं?"

आमच्या घरात बातमीला पाय नसतात. ती भिंतीतून जाते.

सासूबाईंचं म्हणणं होतं की पितृपक्ष लागला आहे, या पंधरवड्यात दवाखान्याची पायरी चढू नये. मी म्हटलं, गाठ पंचांग पाहून आलेली नाही. त्यावर त्या गप्प झाल्या. पण त्यांच्या गप्प होण्याला मान देऊन नवऱ्यानं रोज काही ना काही काम काढलं, आणि मीही रोज "उद्या" म्हटलं. पितरांचा मान राखला असं आम्ही तिघांनी म्हणायचं ठरवलं. खरं म्हणजे तिघंही घाबरलो होतो, आणि पितर त्या कामी आले. शेवटी सर्वपित्रीच्या दिवशी, पितरांची पानं वाढून झाल्यावर गेलो.

डॉक्टरीणबाई तेलुगू. माझ्याशी आमच्या बाजूच्या हिंदीत बोलल्या. "टेन्शन नक्को अम्मा. पर सुई का टेस्ट करना पडता." सुई घातली, ओढलं, जे काही आलं ते काचपट्टीवर पसरवलं. मी मान वळवून पाहिलं. दर वर्षी सातवीच्या मुलांना मी कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी अशीच करून दाखवते. स्वतःचा नमुना त्या जागी पाहून एक विचित्र इच्छा झाली, की ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी आणि आपणच पाहून टाकावं. काय पाहायचं ते मला कळलं नसतं. कांद्यापलीकडे माझी गती नाही.

काचपट्ट्या हैदराबादला जाणार होत्या. बाहेरच्या खिडकीवर कागद भरणारा माणूस बसला होता. त्यानं नाव, वय, गाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"जिल्हा?"

"आदिलाबाद."

"रिपोर्ट दसरे के बाद आती अम्मा. दसरे से जिला बदलता. कौनसा आदिलाबाद लिखूं, पुराना के नया?"

त्याला थट्टा करायची नव्हती. त्याच्या साहेबांनीच तसं विचारायला सांगितलं होतं. मी म्हटलं, जो राहील तो लिहा. त्यानं तेही शांतपणे ऐकलं आणि नुसतंच 'आदिलाबाद' लिहिलं.

म्हणजे दसऱ्यापर्यंत थांबायचं. दहा दिवस. दुसऱ्या दिवशी घट बसले.

माझ्या सासूबाईंचा घट हा गावात नावाजलेला. शेतातली काळी माती चाळून पत्रावळीवर पसरायची, तिच्यात ज्वारी, गहू, मूग, तीळ असं नऊ तऱ्हेचं धान्य पेरायचं, मधे तांब्याचा कलश, वर रोज एक फुलांची माळ. नऊ दिवस तो हलवायचा नाही. दसऱ्याला जे उगवलं असेल त्यावरून येणारं साल कसं जाईल ते सांगायचं. गव्हाचे कोंब जोमात असले तर रब्बी चांगली. ज्वारी पिवळी पडली तर पाऊस दगा देणार. आसपासच्या बाया येऊन सासूबाईंना विचारतात, आणि सासूबाई डोळे बारीक करून सांगतात. त्यांचं चुकलेलंही मी पाहिलं आहे. चुकलेलं कोणी लक्षात ठेवत नाही, यावरच तर ही सगळी शास्त्रं उभी आहेत.

तिसऱ्या दिवशी कोंब दिसायला हवा. दिसला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई मातीकडे पाहत बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, कोणाला म्हणून नाही, "ह्या साली काऊन उगून नाई राह्यला?"

ज्या घरातला पुरुष बियाणं विकतो आणि ज्या घरातली बाई बियाणं कसं उगवतं ते शिकवते, त्या घरातला घट उगवला नव्हता. एरवी मी या गोष्टीवर दोन दिवस हसले असते. पण मला मोठ्या बाईंची गोष्ट ठाऊक होती.

मोठ्या बाई म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन आले त्याच्या फार आधी गेल्या. त्यांना छातीत लिंबाएवढं झालं तरी त्यांनी कोणाला दाखवलं नाही. दोन वर्षं पदराखाली झाकून कापूस वेचला. मग वास यायला लागला, तेव्हा घरात कळलं. सासूबाईंनी मला हे एकदाच सांगितलं होतं, धान्य निवडता निवडता, आणि शेवटी जोडलं होतं, "त्या साली घट उगला नोहता." मी तेव्हा मनात म्हटलं होतं, योगायोग. तो शब्द आता मी पुन्हा मनात म्हणून पाहिला. त्याचा आवाज नीट लागेना.

दिवसा मला शाळा होती. सुट्टी लागलेली होती, तरी होती, कारण आमच्या हेडमास्तरांना इतिहास घडवायचा होता. नव्या जिल्ह्यांचा सोहळा होणार, सगळीकडे कमानी लागणार, तर आपल्या मराठी शाळेनं मागं राहू नये. त्यांची कल्पना अशी, की मैदानावर चुन्यानं जुन्या जिल्ह्याचा नकाशा आखायचा, त्यात मुलं दाटीवाटीनं बसवायची, आणि शिट्टी वाजली की मुलांनी उठून चार ठिकाणी वेगळं व्हायचं. निर्मल एका कोपऱ्यात, मंचेरियाल दुसऱ्या, आसिफाबाद तिसऱ्या, आणि आदिलाबादनं जागेवरच बसून राहायचं. हातात फुलं. चेहऱ्यावर आनंद.

"मॅडम, हा क्षण पिढ्यानपिढ्या स्मरणात राहील," हेडमास्तर म्हणाले आणि शिट्टी माझ्या हातात दिली.

आमचा जिल्हा तोच राहणार होता, नावही तेच. फक्त अंगाचा मोठा भाग जाणार होता, आणि त्याबद्दल आमचं अभिनंदन होणार होतं. इथे मला एक उपमा सुचली. मी ती लगेच सोडून दिली. ज्याला दवाखान्याची तारीख मिळालेली असते त्याला सगळीकडे आपलाच आजार दिसायला लागतो, आणि सरकारी नकाशात आपली छाती पाहणं हा तर शुद्ध अहंकार.

शिट्टी वाजवायला श्वास ओढावा लागतो. ओढला की सुईची जागा ठणकायची. मी वाजवायची, मुलं उठायची, आणि निर्मलवाले हमखास आसिफाबादेत घुसायचे. हेडमास्तरांची शुद्ध भाषा तिसऱ्या तालमीला संपायची. "अरे लेकहो, तिकडं काऊन पळून राह्यले! तुमाले जिल्हा देल्ला का नाई!" पाचवीतल्या दोन मैत्रिणी होत्या, एक निर्मलमध्ये पडलेली, एक मंचेरियालमध्ये. त्या शिट्टी वाजली तरी हात सोडायच्या नाहीत. एकीनं मला विचारलं, "बाई, आमी दोघी आदिलाबादेतच बसलो त चालन का?" मी म्हटलं, बसा. मला तेवढाच अधिकार होता.

त्या मैदानाच्या कडेला माझ्या वर्गाची खिडकी. खिडकीत सहा बश्या. सुट्टीपूर्वी मुलांकडून बीज अंकुरणाचा प्रयोग लावून घेतला होता. ओला कापूस, त्यावर ज्वारी आणि गहू. एका बशीत पाणी बेताचं, एकीत अजिबात नाही, एकीत बी पाण्यात बुडवलेलं. तालमीच्या निमित्तानं रोज मीच पाणी बदलत होते. बेताच्या पाण्याच्या बशीत बोटभर कोंब आले होते, पोपटी, सरळ, अगदी निर्लज्जपणे निरोगी. बुडालेल्या बशीत दाणे फुगून पांढरे झाले होते. त्यांना वास येत होता.

तो वास घेऊन मी घरी आले, आणि दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तेव्हा घटापाशी बसून मातीत करंगळी घातली. करंगळीला तोच वास.

बियाला पाणी लागतं तशी हवाही लागते, हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आले. पूजेच्या वेळी सासूबाई एक पळी पाणी घालतात, ते ठरलेलं. पण मी स्वतः पहिल्या दिवसापासून, शाळेतून आल्यावर, कोणी नसताना, एक ओंजळ घालत होते. का, ते विचारू नये. विश्वास नसतानाही माणूस ओंजळभर पाणी घालू शकतो, त्याला काही लागत नाही. तेवढ्यानं माती इतकी चिखल व्हायला नको होती. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून पाहिलं. नवरा अंघोळ करून आला, इकडे तिकडे पाहिलं, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी घटात ओतून दुकानात गेला. मग पूजा झाली, सासूबाईंनी पळी घातली. दुपारी, मी झोपले आहे असं समजून, त्या पुन्हा उठल्या आणि पुन्हा घातली.

तीन माणसं, एकमेकांपासून लपून, एका मूठभर धान्याला वाचवत होती. त्यात धान्य मेलं होतं.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिघांना एकमेकांकडे पाहावं लागलं असतं. मी शाळेत गेले, सातवीच्या बशीतले कोंब ओल्या रुमालात घेतले, आणि सहाव्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, ते एकेक करून घटात लावले. आयुष्यात मी कॉपी केली नव्हती, ती विज्ञानाच्या शिक्षिकेनं देवघरात केली. का केली? सासूबाईंना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण लावून झाल्यावर मला जे हलकं वाटलं, ते सासूबाईंसाठी नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई घटापुढे बसल्या आणि हात जोडून तशाच राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उगला बाप्पा." त्यांचा आवाज मी तसा पूर्वी ऐकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरा घट काय म्हणाला होता ते घरात फक्त मला ठाऊक होतं.

त्याच रात्री शेजारच्या तेलुगू बायांनी चौकात बतुकम्मा मांडली होती. तरवडाची, कुर्डूची फुलं थरावर थर रचून केलेले उंच ढीग, मधे दिवा, आणि भोवती वाकून टाळ्या देत फिरणाऱ्या बाया. "रा अक्का," म्हणून एकीनं मला हात धरून ओढलं. मी दोन फेरे घेतले. वाकून टाळी देताना डावा हात ओढला जायचा. इतकी सुंदर फुलं, आणि शेवटी ती नेऊन तलावात सोडायची. दर वर्षी पाहिलेली गोष्ट. त्या वर्षी मी तलावापर्यंत गेले नाही. घरी येऊन डब्यांची झाकणं पुन्हा तपासली.

दुकानात गिऱ्हाईक नवऱ्याला विचारायचे, "भाऊ, घरचा घट उगला म्हनते. बी कोन्या कंपनीचं होतं?" ते म्हणायचे, "घरचंच." मला वाटतं त्यांना संशय होता. बियाण्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला सहाव्या दिवशी एकदम बोटभर वाढलेली ज्वारी कशी पटावी?

दसऱ्याच्या सकाळी सोहळा झाला. भाषणं झाली. शिट्टी वाजली, जिल्ह्याचे चार तुकडे झाले, निर्मलवाले आसिफाबादेत घुसले, आणि टाळ्या पडल्या. सासूबाईंना मी घरी येऊन सांगितलं, आता नवा जिल्हा. त्या म्हणाल्या, "निजामात जल्मली म्या. मंग हैदराबाद झालं, मंग आंध्र झालं, मंग तेलंगण. म्या ह्या चुलीपासून हलली नाई, बाप्पा. सरकारच हिंडून राह्यलं."

मग त्यांनी घट उचलला. कोंब उपटून घरच्यांच्या टोपीत, केसांत खोवायचे असतात. त्यांनी ज्वारीचा एक जुडगा धरला आणि ओढला. माती गळून पडली. मुळं वर आली, आणि मुळांना पांढराशुभ्र कापूस चिकटलेला. दवाखान्यात वापरतात तो, गुंडाळीतला.

मी भिंतीकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे. सासूबाईंनी तो कापूस दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला, नीट पाहिला. त्यांच्या नजरेनं अजून दगा दिलेला नव्हता.

"यंदा देवीनं कापूस मुळापासूनच देल्ला म्हना," त्या म्हणाल्या. आणि तो जुडगा, कापसासकट, माझ्या अंबाड्यात खोवला. खोवताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला. मग नवऱ्याकडे वळून, "आन तू? रोज तांब्याभर पानी ओतत होता. तुले का वाटलं, मले दिसत नाई?"

"म्या नाई मानत हे सगळं," ते म्हणाले. "म्या फक्त पानी घातलं."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. नवऱ्यानं ते न फोडता घरी आणलं. मी देवघरासमोरच फोडलं, मुद्दाम नाही, उजेड तिथं होता म्हणून. आत चार ओळी इंग्रजीत. अर्थ असा, की नमुना अपुरा आहे, तपासणी पुन्हा करावी.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनते?"

मी म्हटलं, "काही म्हनत नाई."

दिवाळीनंतर जाड सुईनं पुन्हा केलं. त्या वेळी घट नव्हता, कमान नव्हती, शिट्टी नव्हती. कापूस वेचायचा होता, आणि वेचता वेचता दिवस गेले. त्या अहवालात कर्करोग नाही असं लिहिलेलं होतं. गाठ राहू द्या, दर वर्षी दाखवत जा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी दर वर्षी दाखवते. त्या मोजतात, मागच्या कागदाशी ताडून पाहतात, आणि जा म्हणतात. हे व्हायला पाच मिनिटं लागतात.

या वर्षी त्यांना जास्त वेळ लागला. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या पाहत राहिल्या, मग चष्मा काढला. "एक बार फिर से सुई करते अम्मा," म्हणाल्या. टेन्शन नक्को हे त्या या वेळी म्हणाल्या नाहीत. काचपट्ट्या गेल्या आहेत. अहवाल दसऱ्यानंतर.

सासूबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, डोळ्यांना फारसं दिसत नाही. तरी माती त्यांनीच चाळली, चाचपत. धान्य पेरताना मी घरातल्यांना बसवून सांगितलं, की पाणी दिवसातून एकदाच, आणि ते फक्त मी घालणार. बियाला हवाही लागते. दोघांनीही मुकाट्यानं मान हलवली, वर्गातली मुलं हलवतात तशी.

आज तिसरा दिवस. मी नुकतीच घटापाशी जाऊन आले. आजचं पाणी मी अजून घातलेलं नाही. माती चिंब ओली आहे.